सिव्हिल वॉरचं ब्लँकेट, पानिपतचं लेबल आणि जळक्या केसांचा वास

नवऱ्याचा निळा कोट आणि खांद्यावरून आडवी टाकलेली ब्लँकेटची वळकटी असा फोटो फॅमिली ग्रुपवर टाकला तर घरून पहिला प्रश्न आला की हे काय सोंग, आणि दुसरा प्रश्न, ते कांबळं केवढ्याला पडलं. दुसऱ्याचं उत्तर आधी देते, दोनशे डॉलरच्या आसपास. हो, एका ब्लँकेटचे.

आता सोंगाचं. आम्ही राहतो पेनसिल्वेनियात, गेटिसबर्गपासून गाडीने तासाभरावर, आणि या भागात अमेरिकन सिव्हिल वॉरचा (१८६१ ते १८६५, उत्तरेची राज्यं विरुद्ध दक्षिणेची) नाद लागलेली माणसं पावलोपावली भेटतात. १ ते ३ जुलै १८६३ ला तिथे मोठी लढाई झाली, तर ही मंडळी त्या काळचे कपडे घालून, तंबू ठोकून, बंदुका घेऊन ती पुन्हा उभी करतात, त्याला म्हणतात रीइनॅक्टमेंट. नवऱ्याच्या ऑफिसातले एक जण त्याला एकदा घेऊन गेले आणि साहेब तिथेच रमले, मला शिवणकाम येतं हे कळल्यावर माझीही भरती झाली.

लोक बंदूक, कोट, बुटांवर पैसे ओततात आणि ब्लँकेट मात्र कपाटातलं कुठलंही उचलून आणतात अशी आमच्या ग्रुपमधल्या जुन्या खोडांची कायम कुरकुर असते. मला ती पटते, कारण सैनिकाकडे सगळ्यात मोठं कापड तेच असतं आणि चुकीचं असेल तर पन्नास फुटांवरून दिसतं. म्हणून निवडताना पहिला प्रश्न 'कुठलं ब्लँकेट छान' असा नाहीच, तुम्ही कोण आहात हा आहे. उत्तरेचे का दक्षिणेचे, कुठल्या साली, कुठल्या राज्यातून आलात, आणि ब्लँकेट सरकारने दिलंय का आईने घरून बांधून दिलंय.

उत्तरेच्या सैन्याचं त्यातल्या त्यात सोपं, कारण लष्कराच्या १८६१ च्या नियमावलीत लिहूनच ठेवलंय: लोकरीचं, राखाडी, ७ फूट लांब, साडेपाच फूट रुंद, वजन ५ पौंड म्हणजे साधारण सव्वादोन किलो, आणि मधोमध ४ इंच उंचीची काळी 'यू.एस.' अक्षरं. पण हे कागदावर. युद्ध सुरू झालं आणि काही हजारांचं सैन्य बघता बघता लाखांत गेलं, एवढी ब्लँकेटं येणार कुठून, मग ठेकेदारांची चांदी झाली आणि त्यांनी जे दिलं ते सरकारने घेतलं. त्यामुळे जी शिल्लक आहेत त्यात राखाडीपासून तपकिरीपर्यंत सगळे रंग सापडतात, टोकांना गडद पट्टे असतात. मला हे फार आवडतं, की 'ऑथेंटिक' म्हणजे एकच एक रंग असं नाहीये, फक्त मिलिटरी हिरवा तेवढा नाही कारण तो विसाव्या शतकातला. आणि नेमका तोच सगळ्यात स्वस्त मिळतो, काय करणार.

रंगाच्या आधी मी विणकाम बघते. ट्विल हवं, म्हणजे जवळून बघितलं की तिरप्या रेघा दिसतात, जीन्सवर दिसतात तशा. मग मिलमधे पाण्यात कुटून आटवलेलं असलं की त्या रेघा लोकरीच्या लवेखाली अर्ध्या बुजतात, आणि असं आटवलेलं कापड कापलं तरी उसवत नाही, म्हणून टोकं तशीच कापलेली चालतात. काठावर ओव्हरलॉकची शिलाई किंवा चकचकीत सॅटिनची पट्टी दिसली की ते ब्लँकेट खाली ठेवायचं. मऊ मऊ असेल तरी शंका घ्यायची. ज्यांनी धनगरी घोंगडी अंगावर घेतलीय त्यांना लोकर कशी टोचली पाहिजे ते वेगळं सांगायला नको.

आणि शेवटी काडी. काठाचे दोन धागे ओढून घ्यायचे, चिमट्यात धरायचे, पेटवायचे. लोकर नाइलाजाने जळते, ज्योत बाजूला केली की विझते, जळक्या केसांचा वास येतो आणि राहिलेला काळा गोळा बोटांत चुरला जातो. ऍक्रिलिक असेल तर वितळून कडक मणी होतो. हे नुसतं शुद्धतेचं वेड नाही हं, शेकोटीशेजारी झोपायचं असतं आणि ठिणग्या उडतात.

अशीच एक काडी मी छावणीत दुकान मांडणाऱ्या एका सटलरकडच्या स्वस्तातल्या राखाडी ब्लँकेटला लावली (त्याला विचारून). दिसायला झकास, वजन बरोबर, आणि मणी तयार. लेबल उलटून बघितलं तर मेड इन इंडिया, खाली बारीक अक्षरात पानिपत. वाचून मराठी माणसाला जे व्हायचं ते झालंच. पानिपतात जगभरातले जुने लोकरी कपडे कंटेनरने येतात, रंगाप्रमाणे वेगळे करून फाडतात, पिंजतात आणि परत सूत काढून ब्लँकेटं विणतात, भूकंप-पुरात वाटतात त्यातली कितीतरी तिथलीच. गंमत म्हणजे १८६१ मधे ठेकेदारांनी सैन्याच्या गळ्यात मारलेला माल असाच चिंध्या पिंजून केलेला होता, पावसात भिजला की विरायचा, त्यावरून वर्तमानपत्रांत मोठा गदारोळ झाला. म्हणजे तत्त्वतः पानिपतचं ब्लँकेट १८६१ ला शोभून दिसलं असतं, फक्त तेव्हा लोकांच्या जुन्या स्वेटरमधे ऍक्रिलिक नव्हतं.

दक्षिणेचा सैनिक व्हायचं असेल तर मात्र मोकळं रान आहे. घरच्या गोधड्या, विणलेल्या चादरी, शत्रूकडून पळवलेली 'यू.एस.' ब्लँकेटं, आणि घरातले गालिचे कापून केलेली पांघरुणंसुद्धा.

एका गोष्टीने माझं डोकं फिरतं ते म्हणजे पांढऱ्यावर हिरवा-लाल-पिवळा-निळा पट्टा असलेलं, हडसन्स बे या कॅनडातल्या व्यापारी कंपनीच्या नावाचं ब्लँकेट. ते सुंदर आहे, जुनंही आहे, अठराव्या शतकापासून फरच्या व्यापारात चालायचं, काठावरच्या निळ्या रेघांवरून आकार कळायचा (तेवढी बीव्हरची कातडी द्यावी लागायची ही निव्वळ दंतकथा). पण ते कॅनडाच्या थंडीतल्या व्यापाऱ्यांच्या कॅम्पमधे ठेवा ना, जुना फोटो वाटावा म्हणून पेनसिल्वेनियाच्या पायदळाच्या तंबूत कशाला.

आमचं ब्लँकेट शेवटी साधं राखाडी आलं, अक्षरांशिवाय. ती मी काळ्या लोकरीच्या धाग्याने हाताने भरली. आधी खडूने आखून घेतलं, मग बाह्यरेषेचे टाके. 'यू' पटकन होतो, 'एस'च्या वळणावर धागा जरा ओढला गेला की कापड गोळा होतं. थोडं वाकडं आलंय. ग्रुपमधले आजोबा म्हणाले उसवू नकोस, ठेकेदाराकडच्या बायकाही घाईतच शिवत असणार.

आता धुवायचं कसं असं बहिणीने विचारलंय. धुवायचं नाही. झटकायचं, वाऱ्यावर टाकायचं, डाग तेवढा गार पाण्याने टिपायचा. मशीनमधे गेलं तर बाहेर येईल ते बाळाच्या दुपट्याएवढं. कसर लागू नये म्हणून डांबरगोळ्या टाकल्या तर तो वास तंबूत कुणाला झोपू देत नाही, म्हणून मी कापूर ठेवते, तो तेव्हाही वापरायचे आणि आमच्या इंडियन स्टोअरमधे पूजेच्या सामानात कायम असतो.