ओंजळभर जस्त

आमच्या कारखान्यात गाडीच्या चाकांना समतोलासाठी लावलेली जुनी वजने वितळवून त्यांच्या लगडी पाडल्या जातात. त्या लगडी गळाची वजने ओतणारे नेतात, पाणबुड्यांच्या कमरपट्ट्यांची वजने ओतणारे नेतात, आणि परवानाधारक नेमबाजांपैकी जे सरावाच्या गोळ्या स्वतःच साच्यात ओततात तेही नेतात. पहिल्या दोघांना लगड जड असली की पुरते. नेमबाज मात्र कडा पाहतो. त्यामुळे आमच्या मालातला दोष सर्वांत आधी त्याच्याच हाती लागतो, हे मला त्या सकाळी नीट कळले.

आमचे एक जुने गिऱ्हाईक पत्र्याचा डबा घेऊन आले आणि काही न बोलता तो माझ्यासमोर टेबलावर उपडा केला. चाळीस-पन्नास गोळ्या घरंगळल्या. गोळीच्या बुडाची कड काटकोनात, साच्यात जशी कोरलेली असेल तशी उमटायला हवी. या गोळ्यांची बुडे वापरून झिजलेल्या खोडरबरासारखी गोलसर होती, अंगावर बारीक सुरकुत्या होत्या आणि वंगणाच्या खाचा अर्धवटच भरल्या होत्या. "साचा तापवला, धातू तापवला, कथीलही घातले," ते म्हणाले, "तरी बूड भरत नाही. मागच्या खेपेला तुमच्याच मालाच्या सुरेख उतरल्या होत्या."

सुरकुत्या दिसल्या की साचा थंड होता असे म्हणायची आम्हा ओतकाम करणाऱ्यांची सवय असते, आणि मीही तेच म्हणालो. ते रागावले नाहीत. खिशातून त्याच खेपेची एक लगड काढून त्यांनी पुढे केली आणि म्हणाले, "तुम्हीच ओतून पाहा."

लहान भांड्यात ती लगड वितळवली. तापमापकाने ३५० अंश सेल्सिअस दाखवले. शुद्ध शिसे ३२७ अंशांना वितळते आणि त्यात थोडे अँटिमनी व कथील असले तर त्याच्याही आधी, म्हणजे या तापमानाला धातू आरशासारखा वाहता दिसायला हवा होता. पृष्ठभागावर मात्र झाऱ्याने बाजूला सारताच पुन्हा जमणारी राखाडी साय येत होती, आणि काठाशी घट्ट कालवलेल्या चुन्यासारखा रवाळ थर धरत होता. पळीतून ओतले तर धार सलग पडेना. ती पळीच्या ओठाशी अडखळून थेंबाथेंबाने सुटत होती. आमचे सर्वांत जुने कारागीर, ज्यांना आम्ही सगळे नाना म्हणतो, ते मागून येऊन क्षणभर पाहत राहिले आणि म्हणाले, "अरे, जस्त गेलंय यात."

हातात धरायच्या क्ष-किरण विश्लेषकाने नानांचे म्हणणे खरे ठरवले. जस्त ०.८ टक्के. आकडा ऐकून गिऱ्हाइकांना तो क्षुल्लक वाटला आणि तसे त्यांनी बोलूनही दाखवले. जस्त आणि शिसे हे एकमेकांत फारसे न मिसळणारे धातू आहेत, आणि म्हणूनच एवढेसे जस्त पुरेसे उपद्रवी ठरते. वितळलेले शिसे ४१८ अंशांच्या आसपास जेमतेम दोन टक्के जस्त सामावून घेते, आणि शिसे गोठण्याच्या बेतात येते तेव्हा ही मर्यादा अर्ध्या टक्क्यावर उतरते. अधिकचे जस्त निवताना बाहेर पडते आणि तोच रवाळ थर होतो. जे आत राहते ते हवा लागताच पृष्ठभागावर ऑक्साइडची चिवट कातडी धरते. ही कातडी धातूला साच्याच्या कोपऱ्यात शिरू देत नाही. कथील घालून कडा भरतात हे खरे, कारण कथील पृष्ठभाग मोकळा ठेवते, पण जस्ताच्या कातडीपुढे त्याचे फारसे चालत नाही.

हे जस्त आले कुठून, हे शोधणे माझे काम होते, आणि उत्तर भट्टीच्या वहीत माझ्याच अक्षरात होते. युरोपीय संघात प्रवासी गाड्यांवरची शिशाची वजने २००५ पासून बंद झाली, कॅलिफोर्नियात २०१० पासून. तेव्हापासून भंगारात पोलादाची आणि जस्ताची वजने वाढतच गेली आहेत. त्यांच्यावर बहुधा एफई (लोखंड) किंवा झेडएन (जस्त) अशी रोमन अक्षरे उठवलेली असतात, पण रंगाखाली आणि ब्रेकच्या काळ्या धुळीखाली ती दिसतातच असे नाही. आम्ही प्रत्येक वजन कातर पक्कडीत धरून चिमटतो. शिशात पाते रुतते, जस्तावर नुसता ओरखडा उठतो. फरशीवर टाकले तर शिसे धप्प वाजते, जस्त खणकते. शंका राहिलीच तर हायड्रोक्लोरिक आम्लाचा एक थेंब टाकतो. जस्तावर तो फसफसतो, शिशावर निपचित पडून राहतो. (हे करताना चष्मा आणि हातमोजे आम्ही कधीच सोडत नाही.)

ही निवड हाताने होते, म्हणजे तीत चुका राहणारच. म्हणून आमची खरी राखण तापमानाची असते. शुद्ध जस्त ४१९ अंशांना वितळते आणि त्याची घनता शिशाच्या ११.३४ च्या तुलनेत ७.१४ च असते, त्यामुळे भट्टी ३५० च्या आसपास ठेवली तर चुकून आलेले जस्ताचे वजन, वजने चाकाला धरून ठेवणाऱ्या पोलादी चिमट्यांबरोबर, वर तरंगते आणि झाऱ्याने उचलून टाकता येते. इथे मी अनेक वर्षे एक चूक मनात बाळगून होतो: ४१९ पर्यंत आपण सुरक्षित आहोत अशी. दाब देऊन साच्यात ओततात त्या जस्त-ॲल्युमिनियमच्या मिश्रधातू ३८० ते ३९० च्या दरम्यानच वितळू लागतात. शिवाय न वितळलेले जस्तही शिशावर बराच वेळ तरंगत राहिले तर कडेकडेने त्यात विरघळत जातेच. ३७० च्या वर जायचे नाही आणि तरंगणारा कचरा लगेच काढायचा, एवढाच नियम कामाचा आहे.

वहीत त्या दिवशीची नोंद अशी होती: ८० किलोचे भांडे, सुरुवात ३४५, पुढची नोंद ४४०. मधल्या वेळात माल उतरवून घ्यायला मी बाहेर गेलो होतो आणि लवकर वितळावे म्हणून ज्वाला पूर्ण उघडी ठेवून गेलो होतो. परत आल्यावर चिमटे काढले, मेण टाकून ढवळले, मळी काढली आणि लगडी पाडल्या. ढवळताना जस्त आणखी चांगले मिसळले असणार. वर काढायला जस्ताचा एकही तुकडा उरला नव्हता याचे मला त्या वेळी समाधानच वाटले होते, हे आठवून आता कानाची पाळी गरम होते.

८० किलोला ०.८ टक्के म्हणजे ६४० ग्रॅम. तीस ग्रॅमची एकवीस वजने. गिऱ्हाइकांना विश्वास बसावा म्हणून मी पेटीतून तेवढी जस्ताची वजने मोजून त्यांच्या हातात दिली. ती त्यांच्या ओंजळीत सहज मावली.

"मग आता काढा ते," ते म्हणाले. हा प्रश्न मोठ्या शुद्धीकरण कारखान्यांनाही पडलेला आहे. तिथे शिशातली चांदी काढण्यासाठी जस्त मुद्दामच घालतात. अलेक्झांडर पार्क्स यांनी १८५० मध्ये पेटंट घेतलेली ही रीत आहे. चांदीला शिशापेक्षा जस्त अधिक जवळचे, म्हणून ती जस्ताबरोबर वर येऊन तिचा थर धरतो. पण त्यानंतर शिशात सुमारे अर्धा टक्का जस्त राहतेच, आणि ते घालवायला निर्वात भांड्यात तापवून त्याची वाफ ओढावी लागते, किंवा क्लोरीन अथवा वितळलेला कॉस्टिक सोडा वापरावा लागतो. यातले काहीही आमच्या छपराखाली करण्याजोगे नाही, आणि कुणी घरच्या ओसरीवर करू पाहील तर मी त्याला हात धरून थांबवीन. आम्हाला एवढेच जमण्यासारखे होते की भांडे हळूहळू गोठणबिंदूच्या जवळ आणून रवाळ थर काढत राहायचे. तसे करून पाहिले, ०.८ चे ०.६ झाले आणि तिथेच अडले.

त्यांनी आणखी एक विचारले, आणि ते मला अनेकदा विचारले जाते: जस्त कठीण असते, तर गोळी कठीण करायला ते थोडे मुद्दाम का घालू नये? गोळीला कठीणपणा अँटिमनीने येतो आणि तो कडा न बिघडवता येतो. निव्वळ जस्ताच्या गोळ्या ओतणारे लोक आहेत, पण त्यांचे भांडे वेगळे असते आणि त्यांनी वजनाचा तोटा स्वीकारलेला असतो. ज्या साच्यात शिशाची दहा ग्रॅमची गोळी पडते त्यात जस्ताची सव्वासहा ग्रॅमच्या आसपास भरते. दोन्ही एकत्र केले तर शिशाचे वाहतेपण जाते आणि जस्ताचा कठीणपणा म्हणावा तसा पदरात पडत नाही.

त्या खेपेतल्या लगडी ज्यांनी नेल्या होत्या त्या सर्वांना कळवून माल परत घेतला. गळाची वजने ओतणाऱ्या एकाने तो ठेवून घेतला, कारण त्याचे साचे मोठे आणि कडा बोथट. बाकीच्या लगडींवर ठशाने "ज" उठवून त्या वेगळ्या कपाटात ठेवल्या. भट्टीच्या ज्वालेला आता ३७० ला आपोआप मिटणारी झडप बसवली आहे.

आठ दिवसांनी ते गिऱ्हाईक बदली माल न्यायला आले. विश्लेषकाचा कागद मी पुढे केला, तो त्यांनी वाचून खिशात घातला. एवढेसे जस्त लगडीच्या आवाजावरून कळत नाही, हे मी त्यांना आधीच सांगितले होते. तरी त्यांनी पहिली लगड फरशीवर टाकून ऐकली, मग दुसरी, आणि अकराही टाकून झाल्यावरच पावतीवर सही केली.