साखळी काढली, वेचा आणला

साखळी गेली मंडळी! मी बनवत असलेल्या वाचनाच्या ॲपच्या नव्या आवृत्तीत साखळी, म्हणजे सलग किती दिवस वाचलं तो आकडा, कुठेच दिसत नाही, आणि तो गेल्यापासून सोयाबीनच्या हंगामात गळालेले वाचक एकेक करून परत यायला लागलेत. ज्या प्रश्नाने पावसाळ्यापासून डोकं खाल्लं होतं त्याला पहिल्यांदाच वाट सापडली आहे, म्हणून बाकीची कामं बाजूला ठेवून सविस्तर लिहिते.

आधीच्या मोत्यांच्या बक्षिसाचं प्रकरण जुन्या वाचकांना माहीत आहेच. पान उलटलं की एक मोती. पोट्टे स्टोरीवीव्हर या मोफत गोष्टींच्या संकेतस्थळावरच्या पहिल्या, सगळ्यात सोप्या पातळीच्या गोष्टी उघडायचे आणि अंगठ्याने सरासर पानं सरकवत मोती गोळा करायचे. आता मोती नाहीत. वाचून झालं की त्यातली आवडलेली एक ओळ निवडायची, ती ॲपमधल्या आपल्या वहीत जमा होते, एवढंच. ओळ निवडायची तर वाचावं लागतं. वह्यांमधल्या ओळी महिन्यातून एकदा आमच्या ग्रंथालयाच्या फळ्यावर लिहितो, आणि स्वतःची ओळ फळ्यावर शोधायला पोरं येतात. हा भाग सुटला, त्यावर आता काही बदलणार नाही.

साखळी मात्र सुटत नव्हती. पंधरा ऑक्टोबरला, वाचन प्रेरणा दिनी, शाळेत झकास नोंदणी झाली. पुढचे काही दिवस आकडे वाढत होते. मग सोंगणीने जोर धरला आणि गावच्या गाव शेतात गेलं. वर्धा जिल्ह्यातल्या आर्वी तालुक्यात, आमच्या भागात बहुतेक घरी फोन एकच, आणि तो बापासोबत वावरात जातो. थ्रेशरवाला रात्री सांगतो, "उद्या येतो." मग दुसऱ्या दिवशी फोन गंजीपाशी आणि वाचणारी पोर घरी. वाचायची इच्छा आहे, वेळ आहे, हातात फोन नाही.

सहावीतली एक मुलगी ग्रंथालयात आली. घरचा फोन कोपऱ्यात तडकलेला, त्यावर चिकटपट्टी. तिने तो माझ्यासमोर धरला. पडद्याच्या मधोमध केशरी रंगात मोठं शून्य. "ताई, माह्यी साखळी तुटली. आता काहून वाचू?" त्या शून्याच्या खाली तिने निवडलेल्या सगळ्या ओळी तशाच होत्या, अर्धी वाचलेली गोष्टही होती. तिला दिसत होतं ते फक्त शून्य.

साखळी चालते ती तोट्याच्या धाकावर. तेवढ्याच नफ्यापेक्षा तेवढाच तोटा माणसाला जास्त बोचतो, हे काहनेमन आणि ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ साली मांडलं, आणि रोजच्या सवयीची बहुतेक ॲप त्याच बोचणीवर उभी आहेत. पण त्या धाकाची दुसरी बाजू अशी की एकदा साखळी तुटली की हरवायला काही उरतच नाही. ज्याने जास्त दिवस ओढली त्याचं मन जास्त उडतं. शहरातल्या वाचकाचा एखादा दिवस हुकतो. आमच्याकडे अख्खा पंधरवडा जातो, आणि तो दरवर्षी जाणार आहे.

ड्युओलिंगो या भाषा शिकवणाऱ्या ॲपमध्ये साखळी गोठवून ठेवायची सोय असते, तशी मी 'मंजूर खाडा' म्हणून आणली होती. आठवड्याला ठरावीक खाडे माफ. त्याने थोडं भागलं, पण हंगामापुढे टिकलं नाही. माफीचे खाडे संपले की पुन्हा तेच शून्य. शिवाय पोरं खाडे शिल्लक आहेत का ते आधी बघायची आणि मग वाचायचं की नाही ते ठरवायची. म्हणजे खाडाच बक्षीस होऊन बसला! खाडे वाढवून बघितले, तर साखळीला अर्थ उरेना. कमी केले, तर परत शून्य.

त्यात दिवस कधी बदलतो याचं वेगळंच त्रांगडं. डेटाबेसमध्ये वेळ यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, पडत होती, म्हणजे आपल्याकडे दिवस बदलतो पहाटे साडेपाचला. इथल्या बाया चार-साडेचारला उठतात, चूल पेटायच्या आधी दोन पानं वाचतात, आणि ती आदल्या दिवसात जमा होतात. मध्यरात्रीची सीमा धरली तर ओलितवाले अडकतात. शेतीची लाइन रात्रीची असली की हरभऱ्याला पाणी देता देता माणूस बाराच्या मागे-पुढे वाचतो. आज पावणेबारा, उद्या साडेबारा, आणि मधला दिवस रिकामा. अंकी या पाठांतराच्या ॲपमध्ये नवा दिवस मुळात पहाटे चारला सुरू होतो. ते सगळ्यात जवळचं वाटलं म्हणून तेच घेतलं, आणि नोंदीत वेळेऐवजी थेट स्थानिक तारीख साठवायला लागले. ओलितवाल्यांचं भागलं. बायांपैकी ज्या चारच्या आधी उठतात त्यांचं अजूनही हुकायचं.

तेव्हा लक्षात आलं की सीमा कुठेही ठेवली तरी कुणीतरी तिच्या पलीकडे राहणारच. सीमेला एवढी किंमत येते ती साखळीमुळे.

फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांचा २०१० चा लंडनमधला अभ्यास मी पुन्हा काढून बसले. शहाण्णव जणांनी रोजचं एक छोटं काम ठरवलं आणि ते नाश्त्यानंतर वगैरे अशा ठरलेल्या प्रसंगाला जोडलं. सवय अंगवळणी पडायला मधल्या माणसाला ६६ दिवस लागले, कुणाला १८, तर कुणाला अंदाजाने २५४. हा ६६ चा आकडा सगळेच सांगतात. आपल्या कामाची गोष्ट त्याच अभ्यासात वेगळी आहे: एखादा दिवस चुकला तरी सवय जडण्यात फारसा फरक पडत नव्हता. म्हणजे साखळी ज्या गोष्टीला मरण ठरवते, ती सवयीच्या लेखी किरकोळ आहे. आमचा पंधरवड्याचा खंड त्या एका दिवसाहून मोठा आहे हे खरं. पण म्हणूनच बक्षीस जायला हवं ते परत येण्याला. न तुटलेल्या रांगेला नव्हे.

हे नक्की झालं आणि ॲपचा नवा पडदा डोळ्यांसमोर आला. कापूस काही एकदाच वेचून होत नाही. बोंडं मागे-पुढे फुटतात, म्हणून पहिला वेचा, दुसरा, तिसरा. दोन वेच्यांमध्ये दिवस जातात, पण आधीच्या वेच्याचा कापूस घरातच असतो. आता ॲपमध्ये वाचलेल्या प्रत्येक दिवसाला एक बोंड फुटतं. मध्ये सात दिवसांपेक्षा मोठा खंड पडला तर पुढच्या वाचनाला नवा वेचा सुरू होतो. त्याच्या आत परतलात तर वेचा तोच. जुनी बोंडं कधीच कमी होत नाहीत, आणि शून्य कुठेही छापलं जात नाही. पहिला वेचा सुरू होताना सीतादहीचं, म्हणजे वेचणी सुरू करतानाच्या पूजेचं, छोटं चित्र येतं. ते बघून घरातली मोठी माणसं फोनमध्ये डोकावायला लागली, हा आनंद वेगळाच.

आणि परत आल्यावर काय दिसावं यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला. आधी टाळ्या, फुगे असं काही घालून पाहिलं. अगदी पोकळ वाटलं. आता खंडानंतर ॲप उघडलं की पडद्यावर एकच गोष्ट येते: तुम्ही शेवटी निवडलेली ओळ, आणि तिच्याखाली 'इथून पुढे'. बोट लावलं की गोष्ट जिथे थांबली होती ते पान. ती सहावीतली मुलगी परवा आली, तिने स्वतःची जुनी ओळ मोठ्याने वाचली, म्हणाली, "हे तं मीच निवडली होती जी," आणि तिथेच फतकल मारून पुढचं वाचत बसली. मी काही बोलले नाही, पण दिवसभर पाय जमिनीवर नव्हते.

अवजारांबद्दल थोडं. बोंडाचं चित्र आधी लॉटी या हलत्या चित्रांच्या साधनात केलं होतं. दिसायला देखणं, पण दोन जीबी रॅमच्या फोनवर दम लागायचा. मग फ्लटर या ॲप बांधायच्या साधनातल्या कस्टमपेंटरने हाताने काढलं, चार पाकळ्या आणि पांढरा गोळा, आणि पडदा चटकन उघडतो. अक्षरांसाठी मुक्त परवान्याचा मुक्ता फॉन्ट. जोडाक्षरं स्वच्छ दिसतात, लहान आकारातही वेलांटी गुदमरत नाही. मराठी वाचनाचं काही करत असाल तर दुसरीकडे बघूच नका. छापील गोष्टीत मात्र चांगला अनुभव नाही. बक्षिसाच्या पुस्तकखुणा एका छापखान्यातून केल्या, त्यांचा रंग पहिल्याच घामाच्या हाताला लागला. पुढच्या वेळी जाड कागदावर एकरंगी छापायच्या.

या खुणांचा बोजारा, म्हणजे खुशीची भेट, आधी जाहीर करत नाही. तान्ह्या पोळ्याला नंदी घेऊन दारोदार फिरलेल्या पोरांना बोजारा म्हटल्यावर वेगळं काही सांगावं लागत नाही, पण कशासाठी मिळणार आणि कधी, हे इथे मुद्दाम झाकलेलं आहे. लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांच्या १९७३ च्या प्रयोगात चित्रं काढायला आवडणाऱ्या लहान मुलांपैकी काहींना आधीच सांगितलं होतं की प्रशस्तिपत्र मिळेल. नंतर मोकळ्या वेळात तीच मुलं चित्रांकडे कमी वळली, इतरांच्या साधारण निम्म्यानेच. ज्यांना तेच प्रशस्तिपत्र न सांगता मिळालं त्यांची आवड टिकून होती. म्हणून आपल्याकडे 'दहा गोष्टी वाचा, खूण मिळवा' असं कधीच लिहिलेलं दिसणार नाही.

आठवणीच्या सूचनांचा नाद मी सोडला. काही स्वस्त फोनमध्ये बॅटरी वाचवायच्या नावाखाली मागे चालणारी ॲप सरळ मारून टाकतात, वर अँड्रॉइड तेरापासून सूचनेलाच वेगळी परवानगी लागते. आठची सूचना येते दहाला, तोवर माणूस झोपलेला. त्यापेक्षा आमच्या गावात संध्याकाळी सामुदायिक प्रार्थना होते, रोज, ठरल्या वेळी, फोनच्या मदतीशिवाय. नोंदणीच्या वेळी आता आम्ही वेळ विचारत नाही, "कशानंतर वाचाल?" असं विचारतो. 'प्रार्थनेनंतर' हे उत्तर सगळ्यात जास्त येतं, 'दूध घालून आल्यावर' त्याच्या मागोमाग.

आणखी एक समाधान. साखळीच्या काळात पोरं फोनची तारीख पुढे ढकलून दिवस वाढवायची. ते पकडायला एलॅप्स्ड रिअलटाइमवर, म्हणजे फोन सुरू झाल्यापासून मोजलेल्या वेळेवर, बेतलेला पहारा लिहिला होता, पण फोन बंद करून सुरू केला की तो मोजणी शून्यापासून धरतो, आणि त्या फटीसाठी आणखी कोड, मग आणखी. नव्या रचनेत तारीख ढकलून मिळवण्यासारखं काही उरलंच नाही, कारण बोंड फुटायला ओळ निवडावी लागते. तो सगळा पहारा पुसून टाकला. कोड लिहिण्यापेक्षा कोड पुसताना इतकं हलकं कधी वाटलं नव्हतं.

पुढचं काम खरं तर गावागावांची चढाओढ होतं, कुठल्या गावाचा कापूस जास्त ते दाखवणारा तक्ता. हे लिहिता लिहिता माझं मत बदललं. प्रार्थनेनंतर एका ओसरीवर नातू गोष्ट वाचतो आणि आजी ऐकते, हे मी कितीदा पाहिलंय. आजीला अक्षर येत नाही, पण उद्या पुढे काय झालं हे तीच विचारते, आणि नातू वाचतो तो त्या विचारण्यामुळे. मग बोंड एकट्या नातवाचं का? ऐकणाऱ्याचंही फुटायला हवं. आवडलेली ओळ आजीने सांगायची, नातवाने निवडायची. म्हणून चढाओढीचा तक्ता बाजूला ठेवला, आधी हे.

यासाठी नोंदींची मांडणी बदलावी लागेल. आता एक वाचन म्हणजे एक माणूस. त्याऐवजी वाचनाची एक सारणी आणि त्यात कोण कोण होतं याची वेगळी सारणी. अवघड जागा एकच: आजीचं नाव घरच्या फोनवर आहे आणि मामाच्या फोनवरही. दिवाळीत पोरं मामाकडे गेली, तिथे रेंज नाही, दोन्ही फोनवर वेगवेगळी बोंडं फुटली. परत आल्यावर ती एका आजीच्या नावाने एकत्र कशी करायची? माणसाला फोन नंबरची ओळख द्यायची नाही, कारण आजीला नंबरच नाही. ग्रंथालयाच्या सभासद कार्डावर क्यूआर छापून ते पहिल्यांदा दोन्ही फोनवर दाखवायचं, असं सध्या डोक्यात आहे. एसक्यूलाइट या फोनमधल्या डेटाबेसमध्ये ऑफलाइन माणसं जुळवायचं काम तुमच्यापैकी कुणी केलं असेल, तर मांडणी कशी ठेवली ते जरूर सांगा. तिसरा वेचा लागायच्या आत ही सोय ओसरीवर चालवून बघायची आहे.