आमची वाटचाल : पंधरा शोअर

मिरजेत 1996 साली दहा बाय बाराच्या खोलीत अण्णा आणि मी काम सुरू केलं. कातड्याचं काम अण्णांचं, हिशेब आणि फिरती माझी. कुष्ठरुग्णांसाठी एमसीआरच्या, म्हणजे बारीक छिद्रांच्या मऊ रबराच्या (मायक्रोसेल्युलर रबर) चपला, पुढे पायाची संवेदना गेलेल्या मधुमेहींसाठीही. अण्णांची रापी, आरी, लाकडी कलबूत आणि हाताने फिरवायचा ग्राइंडर, एवढंच भांडवल. खिळा एकही मारायचा नाही, मागचा पट्टा हवाच, हे त्यांनी पहिल्या दिवशी बजावलं. संवेदना गेलेल्या पायात खिळा घुसला तरी माणूस तसाच चालत राहतो. बोटं रोगाने झडत नाहीत, नकळत होणाऱ्या इजांनी जातात, हे कुष्ठरुग्णांवर शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉ. पॉल ब्रँड यांनी वेल्लोरला दाखवून दिलं होतं. आमचा सगळा धंदा त्या एका गोष्टीवर उभा आहे.

मधली वर्षं बरी गेली. 2009 मध्ये मात्र एका संस्थेची चौदाशे जोडांची ऑर्डर गेली. दुसऱ्या पुरवठादाराने जोडामागे चाळीस रुपये कमी लावले होते. त्याचा एक जोड माझ्या हाती आला. शीटवर शिक्का एमसीआरचा, पण अंगठ्याने दाबली तर दबेचना. उसने पैसे काढून ड्युरोमीटर, म्हणजे रबराचा कडकपणा 'शोअर'मध्ये मोजायचं यंत्र आणलं, सुई 35 वर गेली. हवं 15. मी दोन पत्रं लिहिली, उत्तर आलं नाही. काही महिन्यांत त्या चपला घातलेले रुग्ण घट्टे घेऊन आमच्याकडे येऊ लागले. दोघांच्या भरलेल्या जखमा पुन्हा उघडल्या होत्या. तो राग आजही गेलेला नाही.

इकडे भाडं थकलं, बायकोच्या पाटल्या गहाण पडल्या. अण्णांनी आठ महिने निम्म्या पगारावर काम केलं. मी एकदा स्वस्त शीट आणायचं बोलून गेलो, तर त्यांनी रापी खाली ठेवली आणि म्हणाले, "मग मी नाही."

आम्हाला तारलं ते सांगलीच्या एका निवृत्त एसटी कंडक्टर काकांनी. अंगठ्याच्या मुळाशी अकरा महिन्यांची जखम, मलमांचा ढीग. डॉक्टरांनी रक्तप्रवाह तपासला, मेलेली कातडी साफ केली आणि टोटल कॉन्टॅक्ट प्लास्टर, म्हणजे सगळ्या तळव्याला लागून बसणारं आणि जखमेवरचा भार वाटून देणारं प्लास्टर घातलं. दर आठवड्याला बदलत सातव्या आठवड्यात जखम भरली. मलम तेच होतं, भार तेवढा उतरला होता. मग अण्णांनी शाईच्या कागदावर पाय ठेवायला लावला. अंगठ्याखाली रुपयाएवढा काळाकुट्ट डाग उमटला. नेमक्या तिथे तळ कोरून मऊ केला. काकांनी डायरीत नावं लिहून पहिल्याच महिन्यात बावीस मधुमेही आणले.

मधुमेह असलेल्यांना सांगतो : चपलेत पाय घालण्याआधी आत हात फिरवा, रोज तळवा आरशात बघा, घट्टा घरी ब्लेडने कापू नका. पाय गार असेल, बोट काळं पडत असेल तर आमच्याकडे नको, आधी डॉक्टरकडे जा. आणि शीट मऊ आहे म्हणजे एमसीआरच आहे असं समजू नका. साधा फोम दोन महिन्यांत दबून सपाट होतो.

तो 35 चा जोड मी जपून ठेवलाय. कामावर नवीन मुलगा आला की अण्णा आधी तोच त्याच्या हातात देतात आणि अंगठ्याने दाबायला लावतात.