तेरा आकडी नंबर, दहा आकडी रकाना

आमचा काळाचौकीला एक गाळा आहे. उकडीचे मोदक, पुरणपोळ्या, अळूवडीचे उंडे करतो, गोठवतो आणि दुकानांना देतो. चौदा डीप फ्रीझर आमच्या मालकीचे आहेत, पण ते उभे आहेत दुसऱ्यांच्या दुकानांत. दादर, ठाकुरद्वार, पार्ले, मुलुंड, बोरिवली, थेट डोंबिवलीपर्यंत. गोठवलेला माल उणे १८ अंशांवर राहायला हवा. आमच्या गाळ्यातून निघताना तो तसाच असतो. पुढे रात्री शटर ओढताना दुकानदार मेन स्विच पाडून गेला, तर आम्हाला कळणार कसं? सकाळी स्विच वर केला की दुपारपर्यंत मोदक पुन्हा दगडासारखे होतात आणि बाहेरून काही म्हणता काही दिसत नाही.

२०२४च्या गणपतीत पार्ल्याच्या एक आजी रिक्षा करून गाळ्यावर आल्या. डब्यात अकरा मोदक होते. पारी तडकलेली, सारण वाहून डब्याच्या तळाला चिकटलेलं. त्या ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, "अगं, नैवेद्य होता." मी त्यांचे पैसे परत केले, पण ते वाक्य वर्षभर डोक्यातून गेलं नाही. म्हणूनच फ्रीझरवर दुरून लक्ष ठेवणारी यंत्रं बसवायच्या या सगळ्या भानगडीत पडले. आता पार पडले आहे तर लिहून ठेवते, पुढच्याचे चार आठवडे वाचतील.

बाजारात तळहाताएवढं एक यंत्र मिळतं. तापमान मोजणारी तार फ्रीझरमध्ये जाते, डबी बाहेर चिकटते आणि डबीतलं सिमकार्ड दर पाच मिनिटांनी आकडा सर्व्हरला, म्हणजे कंपनीच्या दूरच्या संगणकाला पाठवतं. सिमच का, वायफाय का नाही, असं सगळे विचारतात. मेन स्विच पडला की दुकानाचा राउटरही बंद होतो. म्हणजे नेमकी जेव्हा बातमी हवी, तेव्हाच यंत्र मुकं. सिमवाल्या डबीत स्वतःची बॅटरी असते. शिवाय दुकानदार वायफायचा पासवर्ड बदलतात, तेव्हा आपल्याला कोण सांगणार?

आजूबाजूला बघितलं तर अशी सिमं किती यंत्रांत आहेत हे लक्षात येतं. भाजीवाल्याकडचं पैसे आल्याचं बोलून सांगणारं डबडं, कार्ड घासायचं मशीन, टॅक्सीतला ट्रॅकर. विजेचे स्मार्ट मीटर देशभरात २५ कोटी बसवायचं सरकारचं उद्दिष्ट आहे, त्यातल्याही बऱ्याच मीटरांत सिम असतं. फोन नसलेल्या वस्तूंना नेट लागतं, हे आता नवीन राहिलेलं नाही. पण आमच्यासारख्या चौदा फ्रीझरवाल्यांसाठी कोणी वाट आखून ठेवलेली नाही.

सुरुवात मी चुकीच्या दारातून केली. तीन यंत्रं आणली आणि त्यांत कोपऱ्यावरच्या दुकानातून साधी प्रीपेड सिमं घातली, माझ्या आधारवर. चालली. पण एका यंत्राच्या महिन्याभराच्या ८,६४० नोंदी होतात आणि त्या सगळ्या मिळून चार-पाच एमबीसुद्धा भरत नाहीत. मी मात्र रोज दीड जीबी आणि अमर्याद कॉलचं पॅक भरत होते. जुलै २०२४मध्ये खासगी कंपन्यांनी दर वाढवले, तेव्हापासून ही पॅक आणखीच महाग झाली आहेत. रिचार्ज विसरलं की यंत्र बंद, आणि तीन सिमांच्या तीन वेगळ्या तारखा.

पुढची सिमं घ्यायला गेले तर दुकानातल्या मुलाने मशीनकडे बघून मान हलवली. "ताई, तुमच्या नावावर नऊ झाली. दहावं मिळणार नाही." एका माणसाच्या नावावर नऊच जोडण्या ठेवता येतात, हा नियम मला तोवर माहीत नव्हता. घरी येऊन सरकारच्या संचार साथी पोर्टलवर बघितलं. माझे दोन नंबर, सासूबाईंचा, मुलाचा, गाळ्याचा, पोटमाळ्यावरच्या कॅमेऱ्याचा आणि ही तीन यंत्रं. बरोब्बर नऊ. तुम्हीही एकदा बघून घ्या, फोनवर ओटीपी येतो आणि यादी समोर येते. डोंबिवलीच्या दुकानात कोणी ते सिम काढून भलत्या कामाला वापरलं, तर पोलीस माझ्या दारात येणार, हेही तेव्हाच डोक्यात आलं आणि झोप उडाली.

यावरचा मार्ग म्हणजे एमटूएम सिम, यंत्राने यंत्राशी बोलायचं सिम. हे व्यवसायाच्या नावाने मिळतं. एका कंपनीने किमान पन्नास घ्या म्हणून परत पाठवलं, दुसरी वीसला तयार झाली. कागदपत्रांना त्रास झाला नाही. जीएसटी प्रमाणपत्र, पॅन, भागीदारीचा करार, उद्यम नोंदणी आणि सही कोण करणार याचं लेटरहेडवरचं पत्र. ८ जुलै २०२५ला वीस सिमं पाकिटात घालून आली. गणपती २७ ऑगस्टला होते. मी मनात म्हटलं, झालं काम.

आणि इथून पुढे चार आठवडे मी एकाच जागी उभी राहिले.

एमटूएम सिमचा नंबर दहा आकडी नसतो, तेरा आकडी असतो. फोनचे नंबर संपू नयेत म्हणून सरकारने २०१८पासून यंत्रांसाठी ही वेगळी मालिका दिली आहे. आमचे सगळे नंबर ५ने सुरू होणारे. यंत्र बनवणाऱ्या कंपनीचं ॲप उघडलं, "नवीन यंत्र जोडा" दाबलं, "सिमचा मोबाइल नंबर टाका" असा रकाना आला. दहा आकडे टाकले की रकाना भरला. अकरावा आकडा उमटतच नव्हता. पहिले तीन सोडून बघितले, शेवटचे तीन सोडून बघितले. "अवैध नंबर." आणि रकान्याखाली लिहिलेलं, या नंबरवर ओटीपी पाठवला जाईल.

आता एमटूएम सिमवर ओटीपी येईल कसा? या सिमवर मुद्दाम बंधनं घातलेली असतात. ठरवून दिलेल्या नंबरांशीच एसएमएस आणि कॉल, ठरवून दिलेल्या सर्व्हरशीच डेटा. कोणी काढून फोनमध्ये घातलं तरी उपयोग होऊ नये, म्हणूनच ही सोय. मला ती हवीच होती. पण ॲप बनवणाऱ्याने एमटूएम सिम कधी हातात धरलेलंच नव्हतं, हे उघड होतं. आणि हीच कंपनी आपल्या पत्रकावर "एमटूएमसाठी सज्ज" असं ठळक अक्षरांत छापते.

यंत्रवाल्यांना फोन केला. ते म्हणाले, "मॅडम, सिमवाल्यांकडून दहा आकडी नंबर मागून घ्या." सिमवाल्यांना फोन केला. ते म्हणाले, "मॅडम, यंत्रात अडचण आहे, आमचं सिम सुरू आहे." सिम सुरू होतं हे खरंच. डबीवरचा हिरवा दिवा दर तीन सेकंदांनी लुकलुकत होता, म्हणजे नेटवर्क पकडलेलं. तक्रार नोंदवली की दोन दिवसांनी "तक्रार निकाली काढली आहे" असा संदेश यायचा. विचारणारं कोणी नाही. मी तीच तक्रार सहा वेळा नोंदवली आणि सहाही वेळा ती निकाली निघाली.

शेवटी सिमवाल्यांच्या लोअर परळच्या ऑफिसात जाऊन बसले. खाली रिसेप्शनवर मुलगी गोड बोलायची, वरचे साहेब मीटिंगमध्ये. तीन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी गाळ्यावर तांदळाची पिठी उकडायची होती, बायका थांबल्या होत्या, आणि मी तिथे काचेच्या टेबलापाशी पाण्याचा ग्लास धरून बसलेली. त्या दिवशी मला खरोखर रडू आलं. राग पैशांचा नव्हता. दोन्ही बाजूंना शिकलेली माणसं बसली आहेत, चूक एका रकान्याची आहे आणि तो रकाना माझा, असं म्हणायला एकही तयार नाही, याचा होता.

गाठ सोडवली ती यंत्रवाल्यांच्या पुण्याच्या कारखान्यातल्या एका तरुण इंजिनिअरने. त्याचा नंबर मला ठाकुरद्वारच्या दुकानदार काकांनी मिळवून दिला, त्यांचा भाचा त्याच वसाहतीत कामाला आहे. मुलाने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "ताई, मोबाइल नंबर सोडून द्या. सिमवर बारीक अक्षरात एक लांब नंबर छापलेला असतो, तो आणि डबीमागचा आयएमईआय, म्हणजे यंत्राचा ओळख नंबर, मला पाठवा. मी आतून जोडतो."

रात्री अकराला गाळ्यातल्या ट्यूबलाइटखाली बसले. नखाएवढं सिम, त्यावर राखाडी आकडे. फोनचा कॅमेरा मोठा करून मी वाचत होते आणि माझा मुलगा वहीत उतरवत होता. प्रत्येक नंबर ८९९१ने सुरू होतो. ८९ म्हणजे टेलिकॉम, ९१ म्हणजे भारत, हे त्या इंजिनिअरनेच सांगितलं. पुढचे आकडे प्रत्येक सिमचे वेगळे. वीस सिमं, दोनदा तपासून, रात्रीचा दीड वाजला. सिम डबीत बसवायच्या आधी या नंबरचा फोटो काढून ठेवा. एकदा डबी सील झाली की तो दिसत नाही.

दुसऱ्या दिवशी ॲपमध्ये सगळी यंत्रं दिसायला लागली. आकडा मात्र एकाचाही नाही. नुसती आडवी रेघ.

कारण पुन्हा तेच बंधन. सिमसाठी अर्ज करताना यंत्र कोणत्या सर्व्हरशी बोलणार, त्याचा आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेटवरचा आकडी पत्ता, लिहून द्यावा लागतो. तो मी यंत्रवाल्यांच्या माहितीपत्रकातून उतरवला होता. मधल्या काळात त्यांनी सर्व्हर बदलला होता आणि पत्रक जुनंच होतं. म्हणजे सिम इमानदारीने जुन्या पत्त्यावर जाण्याचीच परवानगी देत होतं आणि तिथे कोणीच नव्हतं. नवीन पत्त्याचं पत्र लेटरहेडवर, सही-शिक्क्यासकट दिलं. या वेळी ईमेलवर दोन्ही कंपन्यांना एकत्र ठेवलं आणि लिहिलं की उत्तर द्याल ते दोघांनीही एकमेकांसमोर द्या. हे मी पहिल्याच दिवशी करायला हवं होतं. दोन्ही पक्ष एका पत्रात आले की "त्यांना विचारा" म्हणता येत नाही.

५ ऑगस्टला संध्याकाळी सव्वासहाला दादरच्या फ्रीझरसमोर पहिला आकडा उमटला. उणे १९.२. मी सगळ्यांना फोन केले, सासूबाईंनी देवापुढे साखर ठेवली.

यंत्र घेताना ते कोणत्या नेटवर्कवर चालतं ते नीट विचारा. आमच्या पहिल्या तीनपैकी एक फक्त टूजीचं होतं. जिओचं जाळं मुळात फोरजीपासून सुरू होतं, त्यावर ते चालतच नाही. एअरटेल आणि व्हीआयचं टूजी आहे, पण नवीन यंत्र टूजीवर घेणं म्हणजे पुढे कधीतरी पुन्हा खर्च. फोरजीचंच घ्या. दुकानदाराने "कॅट-वन" म्हटलं तर घाबरू नका, कमी डेटाच्या यंत्रांसाठी असलेला तो फोरजीचाच प्रकार आहे.

डबी फ्रीझरच्या आत ठेवू नका. चहूबाजूंनी पत्रा असतो, सिग्नल अडतो, आणि त्या थंडीत बॅटरीही लवकर उतरते. फक्त तार दाराच्या रबरी पट्टीखालून आत घ्यायची आणि दार पूर्ण मिटतंय ना, ते कागदाची पट्टी अडकवून बघायचं. कागद सहज निघाला तर तिथून गार हवा जातेय.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, जे मला आधी कोणी सांगितलं नाही. तुमची यंत्रं थोडी असतील तर सिम स्वतः घ्यायच्या फंदात पडू नका. सिम घालूनच यंत्र देणारे पुरवठादार असतात. अशी सेवा देणाऱ्यांनी दूरसंचार विभागाकडे नोंदणी करायची असते, त्याची पद्धत २०२२पासून आहे. नोंदणीचं प्रमाणपत्र मागा, पुरवठादार दाखवेल. दर थोडा जास्त पडतो, पण तेरा आकडी नंबर, आयपी पत्ता, सगळी डोकेदुखी त्याची.

आता वीस सिमांचा डेटा एकाच सामायिक साठ्यातून जातो आणि महिन्याला एकच बिल येतं. माझ्या आधारवरची ती तीन प्रीपेड सिमं मी बंद केली. संचार साथीवर आता माझ्या नावावर सहा दिसतात.

२५ ऑगस्टला रात्री पावणेदोनला फोन वाजला. पार्ल्याचा फ्रीझर उणे ११, वीज नाही. दुकानदार दादा जवळच राहतात. त्यांना उठवलं, ते लुंगीवरच गेले, स्विच वर केला. अडीचला आकडा उणे १४, पहाटे चारला उणे १८. दोन दिवसांनी त्याच फ्रीझरमधून त्या आजींनी एकवीस मोदक नेले.