धरणारीला विचारलंच नाही

एक्स-रे तंत्रज्ञ म्हणून माझी रात्रीची ड्युटी होती. नऊ वाजून वीस मिनिटांनी इमर्जन्सीतून फोन आला: दीड वर्षाचा मुलगा, काहीतरी गिळलंय, बहुतेक नाणं, मानेपासून पोटापर्यंत फोटो हवा. फोन ठेवतेय तोच पोराला कडेवर घेऊन आई दारात. त्याच्या तोंडातून सारखी लाळ गळत होती. रडत होता, पण ते रडणं मोकळं नव्हतं. बाप बाहेर नोंदणीच्या खिडकीवर अडकला होता.

एवढ्या लहान मुलाचा एक्स-रे काढायचा तर कुणीतरी धरावंच लागतं. ते आम्ही धरत नाही. त्यावरून आम्हाला निष्ठुर ठरवणारे कमी नाहीत. पण पालक आयुष्यात एक-दोनदा धरणार, आमच्याकडे अशी मुलं रोज येणार. आमच्या अंगावर येणाऱ्या किरणांना वर्षाला सरासरी 20 मिलिसिव्हर्टची (सिव्हर्ट हे अशा किरणांच्या डोसचं एकक) मर्यादा आहे, ती काही गाठण्यासाठी नाही. तर आईच धरणार होती. मी तिला अर्धा मिलिमीटर शिशाच्या तोडीचा एप्रन घातला, मागून पट्टे बांधले. मुलाचे हात वर, कोपरं कानाशी घट्ट धरायला सांगितलं आणि काचेमागे जाऊन पहिला फोटो घेतला.

स्क्रीनवर गळपट्टीच्या हाडांच्या पातळीवर एक पांढरी गोल चकती उमटली. अन्ननलिकेत नाणं अडकलं की हुबेहूब असंच दिसतं. पण मोठं करून पाहिलं तर कडेच्या आत आणखी एक बारीक कड होती. नाण्याला अशी दुहेरी कड नसते. ती असते बटण सेलला.

रिमोटमध्ये, वजनकाट्यात असतो तो चपटा सेल. तो फुटून आतलं रसायन गळलं तरच धोका, असा पुष्कळांचा समज असतो. फुटावा लागतच नाही. ओल्या अस्तराला टेकला की वीज वाहू लागते, ऋण बाजूला तीव्र अल्कली तयार होतो आणि ऊती जळायला लागते. दोन तासांत खोल जखम होऊ शकते. आईच्या सांगण्यावरून पाऊण तास होऊन गेला होता.

आता बाजूचा फोटो. तो टाळता आला नसता, हे मी आजही तितक्याच ठामपणे म्हणेन. या सेलची ऋण बाजू थोडी अरुंद असते, त्यामुळे बाजूनं पाहिलं की पायरी दिसते. पायरीचं तोंड पुढं असेल तर भाजणं श्वासनलिकेच्या दिशेनं चाललंय, मागं असेल तर मणक्याच्या. आत दुर्बीण घालणाऱ्याला हे आधी कळायला हवं. मुलाला कुशीवर वळवलं. त्याचे हात आणि गुडघे दोन्ही धरायचे म्हणून आई टेबलाला वळसा घालून आली आणि तिरपी उभी राहिली. एक्सपोजर दिलं. फोटो पहिल्या झटक्यात उत्तम आला. पायरी पुढं होती.

फोटोच्या कोपऱ्यात आईच्या बोटांची हाडं आली होती, एका बोटात अंगठी. 1895 च्या डिसेंबरात एक्स-रेचा शोध लावणाऱ्या राँटगेननं बायकोच्या हाताचा जो फोटो काढला, त्यातही हाडांभोवती अशीच अंगठी आहे. आम्हाला शिकताना तो चित्र म्हणून दाखवतात. माझ्या स्क्रीनवर मात्र ती चूक होती: घाईत कोलिमेटर, म्हणजे किरणांचा झोत आखूड करणारी झडप, मी जरुरीपेक्षा जास्त उघडा ठेवला होता आणि धरणारीचा हात थेट किरणांत येऊ दिला होता.

ते मनात नोंदवलं आणि आधी फोन उचलला. पुढचं भराभर झालं. साडेदहाला सेल बाहेर आला. अस्तर पुढच्या बाजूनं भाजलं होतं, भोक पडलेलं नव्हतं. अशा जखमा नंतरही दगा देतात, म्हणून मुलाला ठेवून घेतलं.

अकराच्या सुमाराला आई पुन्हा माझ्या दारात आली. आत आली नाही. दारावरच्या पाटीकडे बोट करून म्हणाली, "मॅडम, हे मी आत्ता वाचलं. मला नववा आठवडा चालू आहे."

पाटीवर लिहिलंय, गरोदर असाल किंवा तशी शंका असेल तर आधी सांगा. हा प्रश्न मी टेबलावर झोपणाऱ्या प्रत्येक बाईला विचारते. संकोच वाटला तरी, सोबत सासू असली तरी, तिला बाहेर पाठवून विचारते. पण इथं टेबलावर दीड वर्षाचा मुलगा होता. धरणारीला विचारायचं असतं हे मला माहीत होतं, इतरांना मी ते शिकवलंही आहे. तरी विचारलं नाही.

"काही होत नाही हो" हे शब्द अगदी ओठांवर आले होते. माझ्या स्वतःच्या गरोदरपणात मी याच खात्यात काम करत होते, एप्रनच्या आत पोटावर किरण मोजणारा दुसरा बॅज लावून. तेव्हा एका वरिष्ठांनी मला हेच वाक्य ऐकवलं होतं आणि त्या रात्री मला झोप लागली नव्हती. शिवाय दुसऱ्या फोटोला ती तिरपी उभी होती. आमचा एप्रन पुढून झाकतो, बाजू उघडी राहते. नेमकं किती पोचलं ते मला तेव्हा खरंच सांगता आलं नसतं.

म्हणाले, "ताई, हे मी आधी विचारायला हवं होतं. माझ्या अंदाजानं ते फारच थोडं असणार. पण उद्या मोजून आकडा सांगते."

"बरं," एवढंच म्हणून ती मुलाकडे गेली.

सकाळी आमचे फिजिसिस्ट, म्हणजे किरणांचा हिशेब पाहणारे तज्ज्ञ, आले. त्यांनी मला एका शब्दानंही टोचलं नाही, त्याचंच जास्त लागलं. दोन्ही फोटोंची केव्हीपी आणि एमएएस, म्हणजे किरणांचा जोर आणि प्रमाण ठरवणारे आकडे, मशीनमध्ये नोंदलेली होतीच. मुलाच्या जागी आम्ही टेबलावर पाण्यानं भरलेला प्लास्टिकचा कॅन ठेवला आणि तिचं पोट जिथं होतं तिथं मीटर. ती कशी उभी होती ते दाखवायला मी स्वतः उभी राहिले, ते टेपनं अंतर मोजत होते. एका एक्सपोजरला मीटरचा काटा जेमतेम हलतो, म्हणून दहा दिली आणि बेरजेला दहानं भागलं. एप्रन मुळीच नव्हता असं धरूनही दोन्ही फोटो मिळून दोन मायक्रोग्रेच्या आत (ग्रे म्हणजे शरीरात शोषलेल्या किरणांचं माप; एक्स-रेसाठी ग्रे आणि सिव्हर्टचे आकडे सारखेच धरतात).

वॉर्डात मुलगा झोपला होता. तिच्या शेजारी बसून मी कागदावर दोन आकडे लिहिले: वर 2, खाली 1,00,000. गर्भात दोष निर्माण होण्याची चिंता साधारण 100 मिलिग्रेच्या पुढं सुरू होते, तेच मायक्रोग्रेत लिहिलं की हा खालचा आकडा. आणखी एक सांगितलं. माती, हवा, आकाश आणि आपलं अन्न यांतून जगातल्या सरासरी माणसाला वर्षाला 2.4 मिलिसिव्हर्ट मिळतात, म्हणजे दिवसाला साडेसहा मायक्रोसिव्हर्ट.

तिनं कागद बराच वेळ पाहिला. मग म्हणाली, "एवढंसंच असतं, तर दारावर एवढी मोठी पाटी कशाला?"

रास्त प्रश्न होता. पाटी मुख्यतः टेबलावरच्या बाईसाठी, मी म्हटलं. पोटाच्या सीटी स्कॅनमध्ये किरण थेट गर्भावरून जातात, तिथं हिशेब मायक्रोत होत नाही, दहा-वीस मिलिग्रेचा असू शकतो. तुमच्यापर्यंत आले ते मुलाच्या अंगावरून विखुरलेले. पण विचारणं माझं काम होतं, आणि ते मी केलं नाही.

"विचारलं असतंत तरी मी त्याला सोडून बाहेर गेले नसते," ती म्हणाली. कागदाची घडी करून तिनं पर्समध्ये ठेवली, तिच्या डॉक्टरांना दाखवण्यासाठी.

मी घटनेचा अहवाल लिहिला, बोटांसकट. रजिस्टरमध्ये आता धरणाऱ्याचा रकाना आहे: नातं, आणि प्रश्न विचारला का. रात्रपाळीत तो भरायला लोक कुरकुरतात. मीही एकदा कुरकुरले.

काही दिवसांनी मुलाला अन्ननलिकेच्या तपासणीसाठी आणलं, कुठं गळती नाही ना हे औषध पाजून पाहायला. ही तपासणी फ्लुरोस्कोपीवर, म्हणजे किरण चालू ठेवून हलतं चित्र पाहत, होते, विखुरणारे किरण तिथं जास्त. मी प्रश्नासाठी तोंड उघडायच्या आतच बापानं खुंटीवरचा एप्रन काढून गळ्यात अडकवला होता. पट्टे उलटे बांधले होते, ते सोडून मी नीट बांधले. आई पाटीखालच्या बाकावर बसली होती, मुलाचे बूट मांडीवर घेऊन.