लोकताक: तळाला न टेकणारी जमीन

मणिपूरमधल्या लोकताक सरोवराला गेलात तर आधी सेंद्राच्या टेकडीवर चढा, होडीत नंतर बसा. वरून बघितल्याशिवाय या सरोवराचा अंदाज येत नाही. साधारण अडीचशे चौरस किलोमीटरचा पसारा, पण खोली सरासरी जेमतेम पावणेतीन मीटर. त्यावर हिरवे पट्टे, आणि मासेमारीसाठी तयार केलेली मोठी गोल कडी. हे हिरवं म्हणजे फुमडी: गवत, मुळं, कुजका पाला आणि माती यांचा एकजीव झालेला तरंगता थर.

नावाड्याने आम्हाला एका जाड फुमडीवर उतरवलं. पाय गादीत रुतावा तसा रुतला, घोट्याभोवती काळं, गार पाणी आलं आणि दोन हातांवरचं गवतही डोलायला लागलं. त्याने वल्ह्याने कड उचकटून दाखवली. वर थोडंसं हिरवं, बाकी सगळा मुळांच्या जाळ्यात धरलेला काळा चिखल.

"पूर्वी उन्हाळ्यात हे खाली बसायचं," तो म्हणाला.

सगळी गोष्ट या एका वाक्यात आहे. पाणी ओसरलं की फुमडी तळाला टेकायची, मुळं गाळातून पोषण घ्यायची आणि पावसाळ्यात ती भरदार होऊन वर यायची. १९८३ मध्ये मणिपूर नदीवर इथाईचा बंधारा सुरू झाला आणि तेव्हापासून १०५ मेगावॉटच्या वीजप्रकल्पासाठी पाणी वर्षभर चढं ठेवलं जातं. कोयनेचं पाणी जसं सह्याद्रीच्या पोटातून पोफळीला उतरतं, तसं लोकताकचं पाणी बोगद्यातून पश्चिमेला लैमाताकच्या खोऱ्यात जातं. वीज हवीच, पण सरोवराचा उन्हाळा गेला. काठची शेतं बुडाली, नदीतून वर चढणाऱ्या माशांची वाट अडली आणि फुमडी पातळ होऊ लागली. नांबुल नदीतून इंफाळचा कचरा आणि सांडपाणी येतं ते वेगळंच. १९९० मध्ये लोकताक रामसर कराराच्या, म्हणजे जागतिक महत्त्वाच्या पाणथळींच्या यादीत आलं आणि १९९३ मध्ये त्याच कराराच्या धोक्यातल्या पाणथळींच्या नोंदीत गेलं.

पातळ फुमडीने काय होतं ते कैबुल लामजाओत कळतं. सुमारे ४० चौरस किलोमीटरचं हे तरंगतं राष्ट्रीय उद्यान म्हणजे सांगाई हरणाचं जगातलं एकमेव नैसर्गिक घर. १९७५ च्या गणनेत अवघी १४ सापडली होती. आता ती वाढली आहेत, पण त्यांच्या खुरांना पेलणारी जमीनच विरत चालली तर? सकाळी धुकं विरताना मनोऱ्यावरून एक नर दिसला, मानेपर्यंत गवतात. तासभर कोणी बोललं नाही.

जाणाऱ्यांसाठी: इंफाळहून सरोवराकाठचं मोइरांग साधारण ४५ किलोमीटर. मणिपूरबाहेरच्यांना इनर लाइन परमिट लागतं, ते आधीच काढून ठेवा. मे २०२३ पासून राज्यात अशांतता आहे, तेव्हा तिकीट काढण्यापूर्वी तिथल्या माणसांकडून रस्त्यांची खबर घ्या. हिवाळा उत्तम, पण डिसेंबरात साडेचारच्या सुमारास सूर्य मावळतो, म्हणून होडी दुपारीच ठरवा. उद्यानात पहाटे पोहोचा, दुर्बीण विसरू नका. मोइरांगचं आझाद हिंद सेनेचं स्मारक आणि संग्रहालय चुकवू नका. आणि फुमडीवर उतरायचं तर नावाड्याने पाय ठेवला तिथेच पाय ठेवा, कारण वरून सगळं सारखंच हिरवं दिसतं.