तुम्ही विचारलंत म्हणून: तुर्कस्तानला युरोपनं का घेतलं नाही?

मी जर्मनीत राहते, त्यामुळे पुण्याला आले की कुणी ना कुणी हा प्रश्न काढतंच. जर्मनीतल्या मराठी मंडळाच्या गणपतीतही विचारतात. "तुर्कस्तान मुसलमानांचा देश आहे म्हणूनच त्याला युरोपीय महासंघात घेत नाहीत ना?" विचारणाऱ्याचं स्वतःचं उत्तर बहुतेक वेळा तयार असतं. कुणाला युरोप ढोंगी आहे हे माझ्या तोंडून ऐकायचं असतं, तर कुणाला "नाही घेतलं तेच बरं" असं. मला दोन्ही पटत नाही, आणि जेवता जेवता सांगून संपेल इतका हा विषय लहान नाही. म्हणून एकदा बसून लिहिते आहे.

धर्म आड आला का? आला. ते नाकारण्यात अर्थ नाही. नोव्हेंबर 2002 मध्ये फ्रान्सचे माजी राष्ट्राध्यक्ष व्हॅलेरी जिस्कार दॅस्तँ उघड बोलले की तुर्कस्तान हा युरोपीय देश नाही आणि त्याला घेणं म्हणजे महासंघाचा शेवट. तेव्हा ते निवृत्त होऊन घरी बसलेले नव्हते; युरोपच्या राज्यघटनेचा मसुदा करणाऱ्या सभेचे अध्यक्ष होते. 2004 मध्ये कार्डिनल रात्सिंगर यांनीही विरोध केला आणि पुढच्याच वर्षी ते पोप झाले. जर्मनीतल्या निवडणुकांच्या प्रचारातही हा सूर मी ऐकला आहे, कधी स्पष्ट शब्दांत, कधी "संस्कृती" या पांघरुणाखाली.

पण एवढंच कारण असतं, तर सुरुवातीलाच दार लावता आलं असतं. 12 सप्टेंबर 1963 रोजी तुर्कस्तानचा युरोपशी सहकार्याचा अंकारा करार झाला तेव्हा युरोपीय आयोगाचे अध्यक्ष वाल्टर हालश्टाइन यांनी तुर्कस्तान युरोपचा भाग आहे असं जाहीरपणे सांगितलं होतं. पुढे कधीतरी सदस्य होण्याची शक्यता त्या करारातच लिहिलेली आहे. 1987 मध्ये पंतप्रधान तुर्गुत ओझाल यांच्या सरकारनं पूर्ण सदस्यत्वासाठी अर्ज केला. त्याच वर्षी मोरोक्कोनंही केला. मोरोक्कोला तुम्ही युरोपात नाही असं सांगून परत पाठवलं. तुर्कस्तानला तसं सांगितलं नाही. म्हणजे तुर्कस्तान युरोपात बसतो की नाही याचा निकाल तेव्हाच लागला होता. नंतर तोच प्रश्न कुणी पुन्हा उकरून काढला तेव्हा दिलेल्या शब्दाला धक्का लागला, असं मी मानते.

त्या शब्दात किती ताकद होती हे 1999 नंतरच्या पाच-सहा वर्षांत दिसलं. या काळाबद्दल भारतात फारसं बोललं जात नाही, म्हणून इथे थोडं थांबते. 17 ऑगस्ट 1999 ला इझमितला भूकंप झाला आणि 17 हजारांहून जास्त माणसं गेली. ज्या ग्रीसशी पिढ्यान्‌पिढ्यांचं वैर, त्याची मदतपथकं लगेच येऊन पोचली. सप्टेंबरमध्ये अथेन्स हादरलं तेव्हा तुर्की पथकं तिकडे गेली. दोन्ही देशांचे परराष्ट्रमंत्री, जॉर्ज पापांद्रेऊ आणि इस्माइल जेम, आधीपासून एकमेकांशी बोलत होतेच. आता लोकही त्यांच्या मागे उभे राहिले. डिसेंबरमध्ये हेलसिंकीच्या शिखर बैठकीत ग्रीसनं विरोध मागे घेतला आणि तुर्कस्तानला अधिकृत उमेदवाराचा दर्जा मिळाला. सायप्रसविषयीच्या अटींवरून अंकाराचं बिनसलं तेव्हा महासंघाचे परराष्ट्र धोरण प्रमुख हावियर सोलाना रातोरात विमानानं तिकडे गेले आणि पंतप्रधान बुलेंत एजेविट यांची समजूत काढून आले. युरोपला तेव्हा तुर्कस्तान इतका हवा होता.

मग काय झालं ते पाहा. कुर्दांच्या सशस्त्र बंडाचा नेता अब्दुल्ला ओजलान त्याच वर्षी पकडला गेला होता. त्याला फाशीची शिक्षा झाली होती, आणि ती अमलात यावी असं बहुसंख्य तुर्कांना मनापासून वाटत होतं. तरीही ऑगस्ट 2002 मध्ये संसदेनं शांतताकाळातली फाशी रद्द केली, कुर्दी भाषेत प्रसारण आणि शिकवणीवर्ग यांना परवानगी दिली. हे आजचे राष्ट्राध्यक्ष एर्दोआन सत्तेवर यायच्या आधीचं आहे, बरं का. सरकारात कट्टर राष्ट्रवादी पक्षही होता आणि तो विरोधात गेला तरी हे झालं. सरकारातल्या एका घटकपक्षाचे नेते मेसुत यिल्माझ म्हणाले होते की युरोपचा रस्ता दियारबाकिरमधून जातो. दियारबाकिर म्हणजे कुर्दांचं सर्वांत मोठं शहर. जून 2004 मध्ये सरकारी वाहिनीवर कुर्दी कार्यक्रम सुरू झाला आणि त्याच दिवसांत दहा वर्षं तुरुंगात असलेल्या कुर्द माजी खासदार लेयला झाना बाहेर आल्या. पोलीस कोठडी, लष्कराचा राजकारणातला हात, बायकांच्या बाजूनं फौजदारी कायद्यात झालेले बदल, सगळीकडे काम चाललं होतं. सत्तर टक्क्यांहून जास्त तुर्कांना तेव्हा सदस्यत्व हवं होतं. युरोपवाले कोकोरेच बंद करतील ही भीतीही तितकीच खरी होती. कोकोरेच म्हणजे मेंढीची आतडी सळईवर गुंडाळून भाजतात, आपल्या वजडीच्या नात्यातला पदार्थ. टीव्हीवर त्याच्यावर गंभीर चर्चा झडायच्या. देश स्वतःच्या ताटापर्यंत जाऊन विचार करत होता.

माझ्या मते सगळं बिघडलं ते सायप्रसवर. 1974 मध्ये तुर्की सैन्य बेटावर उतरलं तेव्हापासून बेटाचे दोन भाग आहेत. 24 एप्रिल 2004 ला संयुक्त राष्ट्रांच्या कोफी अन्नान योजनेवर दोन्हीकडे मतदान झालं. एकत्रीकरणाला सायप्रसच्या तुर्कांपैकी सुमारे 65 टक्के लोकांनी होकार दिला. सायप्रसच्या ग्रीकांपैकी सुमारे 76 टक्के लोकांनी नकार दिला. आणि आठवडाभरात, 1 मे ला, नकार देणारी बाजू महासंघाची सदस्य झाली. होकार देणारी बाजू बाहेर राहिली. तुर्की सायप्रसचं एकाकीपण संपवू असं वचन ब्रसेल्सनं, म्हणजे महासंघानं, मतदानानंतर दिलं होतं. थेट व्यापाराचा नियम मात्र कधीच मंजूर झाला नाही, कारण सायप्रसला आता नकाराधिकार होता. महासंघात नव्या देशाशी वाटाघाटींचं एकेक प्रकरण, म्हणजे एकेक विषय, उघडायला आणि मिटवायला प्रत्येक सदस्याची संमती लागते, हे इथे लक्षात घ्या.

तरीही 3 ऑक्टोबर 2005 ला वाटाघाटी सुरू झाल्या. ऑस्ट्रिया शेवटच्या क्षणापर्यंत अडून बसला होता. क्रोएशियाच्याही त्याच वेळी सुरू झाल्या. क्रोएशियाचं शेजारच्या स्लोव्हेनियाशी सीमेचं भांडण होतं आणि स्लोव्हेनियानं वाटाघाटी रोखल्या होत्या. बाकीच्यांनी मध्ये पडून ते लवादाकडे सोपवलं, आणि 2013 मध्ये क्रोएशिया सदस्य झाला. तुर्कस्तानच्या वाटाघाटींतल्या 35 प्रकरणांपैकी आजवर 16 उघडली. मिटलं एकच, विज्ञान आणि संशोधनाचं, जून 2006 मध्ये.

सायप्रसच्या जहाजांना तुर्कस्ताननं आपली बंदरं उघडली नाहीत, म्हणून डिसेंबर 2006 मध्ये आठ प्रकरणं गोठवली गेली. यात चूक तुर्कस्तानची होती. बंदरं उघडण्याच्या करारावर सही केली होती, तो पाळायला हवा होता. 2007 मध्ये सार्कोझी फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष झाले आणि त्यांनीही पाच प्रकरणं अडवली. त्यांचं कारण मात्र वेगळं होतं: ही प्रकरणं सदस्यत्वाकडेच नेतात, म्हणून नकोत. मर्केल यांच्या पक्षाचं म्हणणं होतं, सदस्यत्व नको, "विशेष भागीदारी" घ्या. 2009 मध्ये सायप्रसनं एकट्यानं आणखी सहा रोखली. त्यांत 23 आणि 24 क्रमांकाची प्रकरणं आहेत: न्यायव्यवस्था, मूलभूत हक्क, पोलीस. तुर्कस्तानातल्या न्यायालयांवर दबाव आहे, पत्रकार तुरुंगात आहेत, असं युरोप दरवर्षीच्या अहवालात लिहितो. ते खरं आहे. पण ज्या टेबलावर बसून हे विषय कलमाकलमानं मांडायचे आणि वसूल करायचे, ते टेबल युरोपनंच मांडू दिलं नाही. कुणी पुरावा मागितला की मी ही दोन प्रकरणं सांगते. माझा राग इथे आहे.

आकाराची भीती होती आणि ती खोटी नाही. महासंघाच्या मंत्रिपरिषदेत निर्णयाला 55 टक्के देश आणि 65 टक्के लोकसंख्या लागते. तुर्कस्तानची लोकसंख्या साडेआठ कोटींच्या आसपास, जर्मनीच्या बरोबरीची. आला की पहिल्या दिवसापासून सर्वांत वजनदार मत त्याचं. शेतीला द्यावी लागणारी मदत, सीरिया-इराक-इराणला लागलेली सीमा, स्थलांतर. 1961 च्या कामगार करारानं जर्मनीत आलेल्या तुर्कांच्या आज तिसऱ्या-चौथ्या पिढ्या आहेत, तीस लाखांच्या घरात माणसं. तरी मुक्त संचाराचं नाव काढलं की इथे अंगावर काटा येतो. 2005 च्या चौकटीतच तुर्कांच्या संचारावर कायमच्या मर्यादा घालण्याची सोय करून ठेवली होती. 2016 मध्ये ब्रेक्झिटच्या प्रचारात "7 कोटी 60 लाखांचा तुर्कस्तान महासंघात येतोय" अशी पोस्टरं लागली. तेव्हा तर तुर्कस्तान दारापासून कोसो दूर होता.

आता एर्दोआन. युरोपनं दगा दिला म्हणून ते हुकूमशाहीकडे वळले, असं म्हणणारे भेटतात. मी तसं म्हणणार नाही. 2013 मध्ये इस्तंबूलच्या गेझी पार्कमधल्या निदर्शकांवर अश्रुधूर सोडायचा आदेश ब्रसेल्सहून आला नव्हता. जुलै 2016 चा लष्करी उठाव भयंकर होता, अडीचशेच्या आसपास माणसं मेली. पण नंतर लाखाहून जास्त सरकारी नोकरांना वटहुकमानं काढून टाकणं हा त्याला उतारा नव्हता. 2017 च्या सार्वमतात 51.4 टक्क्यांच्या बळावर संसदीय पद्धत गेली आणि सगळी सत्ता एका माणसाच्या हाती आली. उद्योजक आणि सामाजिक कार्यकर्ते उस्मान कवाला ऑक्टोबर 2017 पासून तुरुंगात आहेत. युरोपच्या मानवी हक्क न्यायालयानं डिसेंबर 2019 मध्ये त्यांना सोडायला सांगितलं. उत्तर म्हणून 2022 मध्ये जन्मठेप दिली गेली. मार्च 2025 मध्ये इस्तंबूलचे महापौर एक्रेम इमामोलू यांना अटक झाली. अशा सरकारशी सदस्यत्वाची बोलणी पुढे जाऊ शकत नाहीत, आणि 2018 मध्ये ती ठप्प झाल्याचं युरोपनं जाहीर केलं ते योग्यच होतं.

एर्दोआनना दारात उभं राहण्याचा तोटा झाला नाही. तोटा झाला तो कुर्द वकिलांचा, स्त्रियांच्या संघटनांचा, संपादकांचा. "युरोपला दिलेला शब्द पाळा" एवढं एक वाक्य त्यांच्या हातात होतं. सरकार घाबरायचं ते त्या वाक्याला. 2016 च्या मार्चमध्ये युरोपनं एर्दोआन यांच्याच सरकारला निर्वासित अडवण्यासाठी 6 अब्ज युरो कबूल केले, व्हिसामुक्त प्रवासाचं आश्वासन दिलं (ते अजून आलेलं नाही), आणि त्या लोकांच्या हातातलं वाक्य पुरतं बोथट झालं.

आपल्याला याचं काय, असंही विचारतात. एक जागा सांगते. 1995 च्या शेवटी तुर्कस्तान युरोपच्या सीमाशुल्क संघात गेला. बाहेरच्या देशांसाठीचं धोरण ब्रसेल्सनं ठरवायचं आणि मताचा अधिकार नसताना तुर्कस्ताननं पाळायचं, अशी ती रचना. लगेच 1 जानेवारी 1996 पासून तुर्कस्ताननं भारतीय कापड आणि कपड्यांच्या 19 प्रकारांवर कोटा लावला. भारत जागतिक व्यापार संघटनेत गेला आणि 1999 मध्ये अपिलातही जिंकला. अर्धवट आत घेतलेल्या शेजाऱ्याचा भुर्दंड आपल्या गिरण्या-कारखान्यांपर्यंत पोचला होता.

तर तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर: मुसलमान आहे म्हणूनच नाही, पण मुसलमान नसता तर क्रोएशियासाठी जी खटपट झाली ती त्याच्यासाठीही झाली असती, असं मला वाटतं. पुढे काय करावं? 23 आणि 24 वरची बंदी युरोपनं आधी उठवावी आणि अटी लिहून समोर ठेवाव्यात, म्हणजे पुढचं सरकार येईल तेव्हा त्याला सबब राहणार नाही. सीमाशुल्क कराराची दुरुस्ती करावी, पण कवाला आणि इमामोलू बाहेर आल्याशिवाय तिच्यावर सही करू नये. आणि तुर्की विद्यार्थ्यांना, संशोधकांना व्हिसा सुटसुटीत द्यावा. त्यासाठी अंकाराच्या परवानगीची गरज नाही, आणि सत्तावीस देशांना ते उद्यापासून सुरू करता येईल.